कोऱ्या दाराचा रंग

“तारेची घासणी आहे का? पण गंजणारी हवी.”

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे पाहिलं. त्याचा उभा जन्म त्या दुकानात गेला होता, पण गंजणारी घासणी मागणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदाच समोर उभं होतं.

“न गंजणारी आहे, ताई. वर्षभर बघायला नको.”

“मला टिकायला नकोय हो ती. तीन दिवसांत गंजली पाहिजे. जमलं तर दोन.”

बाहेर पाऊस नुसता रिपरिपत होता, ना धड पडत होता ना थांबत होता. तिच्या छत्रीने दुकानाच्या फरशीवर तळं केलं होतं आणि तिचा उजवा पाय आपोआप ताल धरत होता. घरी दादा तिला ‘चुळबुळ’ म्हणायचा. जेवताना, फोनवर बोलताना, अगदी झोपेतसुद्धा तिचं काही ना काही हलत असायचंच. दुकानदार माळ्यावरची जुनी खोकी धुंडाळायला शिडीवर चढला, तेवढा वेळही तिला उभं राहवेना. तोवर व्हिनेगर तरी घेऊन ठेवू म्हणून तिने फळीवर हात घातला — आणि त्याच बाटलीवर दुसऱ्या बाजूने आणखी एक हात आला.

हात पांढरा होता. गोरा नव्हे, पांढरा. कोपरापर्यंत पिठात घालून काढल्यासारखा.

“शेवटची आहे,” हाताचा मालक म्हणाला.

“दिसतंय मला. सोडा.”

“मी आधी धरली.”

“मी आधी बघितली होती.”

“नुसतं बघून बाटली आपली होत नाही,” तो शांतपणे म्हणाला. सोडली मात्र त्यानेही नाही. “स्वयंपाकाला हवीय?”

“दाराला.”

“दाराला?”

“रंगवायला. तुम्हाला?”

“दातांना.”

तिची पकड सैल झाली. तिने नकळत त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो हसला... दात चांगले होते, अगदीच चांगले. “माझ्या नाही. लोकांच्या. मी कवळ्या करतो. कवळीला चिकटलेलं प्लास्टर व्हिनेगरमध्ये सुटतं. माझी खोली चार पावलांवर आहे, तिथे अर्धी-अर्धी करू. पण दार व्हिनेगरने कसं रंगतं, ते आधी सांगा.”

आता परक्या माणसाला सगळं सांगू नये, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. पण तिच्या पोटात तीळ भिजत नसे. शिडीवरून उतरलेल्या दुकानदाराकडून घासणी घेऊन दोघं निघाले, आणि चार पावलं संपायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं होतं.

सात महिन्यांपूर्वी ती दादा-वहिनीचं घर सोडून या गावात नोकरीला आली होती. नोकरी पार्सल कंपनीत, फोनवर. ज्यांचं पार्सल पोचलं नाही, ते फोन करून ओरडायचे आणि ती दिवसभर गोड आवाजात सांगायची, “थोडं थांबा, येईलच.” जिला स्वतःला दूध उतू जाईपर्यंत थांबता येत नव्हतं, तिला थांबायला सांगण्याचा पगार मिळत होता! त्या पगारात एकच खोली परवडली. वरच्या मजल्यावरची, एका खिडकीची, भिंतीत जुनं दोन दारांचं कपाट असलेली. दादाकडे ती हॉलमधल्या दिवाणावर झोपायची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या गप्पा संपल्या की. ही खोली तिची होती. आतून कडी लावता येणारी पहिली खोली.

आणि घरमालकीणबाई कडक. “भिंतीत खिळा ठोकायचा नाही, सामान हलवायचं नाही, काही मोडलं तर खोली सोडायची,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी बोट नाचवून सांगितलं होतं. सध्या त्या लेकीकडे गेल्या होत्या. मागच्या सोमवारी कामाला उशीर झालेला, दमट हवेने कपाटाचं दार फुगून बसलेलं, आणि आत तिचं ओळखपत्र. तिने पाय भिंतीला लावला आणि दार ओढलं. दार निघालं. उभं चिरलेलं, बिजागरीसकट हातात आलं.

सुतारकाकांनी नवं दार करून दिलं. मापाला अचूक, पण लाकूड पांढरंफटक. शेजारचं जुनं दार तपकिरी, मध्ये थोडी धुरकट झाक. पॉलिशवाला महिनाभर मिळणार नव्हता, आणि बाजारातला डबा घ्यायला हातात काही उरलं नव्हतं. मग सुतारकाकांनीच गरिबाघरचा उपाय सांगितला. लाकडाला आधी कडक चहाचं पाणी लावायचं. व्हिनेगरमध्ये लोखंडी घासणी विरघळवायची आणि ते पाणी चहावर फिरवायचं. रंग वरून बसत नाही, लाकडातूनच उमलतो.

“मालकीणबाई कधी येणार?” कवळीवाल्याने विचारलं.

“पुढच्या रविवारी. आज शुक्रवार. म्हणजे नऊ दिवस. त्यांना कळलं की मी परत दादाच्या दिवाणावर. दुसरी खोली मला परवडत नाही.”

“घर कुठलं?”

“कोपऱ्यावरचं. हिरव्या खिडकीचं.”

व्हिनेगर ओतता ओतता त्याचा हात थांबला. खोलीभर तबकांत मांडलेले दात तिच्याकडे बघून हसत होते. तो म्हणाला, “त्यांना सरळ सांगून का टाकत नाही?”

“तुम्हाला काय माहीत हो त्या कशा आहेत!”

बाटलीतलं शेवटचं थेंबभर व्हिनेगरही त्याने तिच्या बरणीत ओतलं आणि बरणीच्या तोंडाला फडकं बांधून दिलं. “झाकण घट्ट लावू नका. आत वायू होतो, काच उडेल.”

“अर्धी-अर्धी ठरली होती ना?”

“माझे दात थांबतील,” तो म्हणाला.

तीन दिवसांत बरणीतली घासणी विरघळून गढूळ, गंजकट पाणी झालं, तेव्हा तिने ब्रश उचललाच होता. पण तो जिना चढून आला तो हातात लाकडाच्या बारा पट्ट्या घेऊन. सुतारकाकांकडून त्याच फळीचे तुकडे मागून आणले होते. प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडा.

“हे काय?”

“नमुने. एकीला चहाचा एक हात, दुसरीला दोन. लोखंडाचं पाणी कमीजास्त पातळ करून. दात करतानाही असंच करतो. शेजारच्या दाताशी जुळला नाही तर माणूस आयुष्यभर तोंडावर हात ठेवून हसतं.”

“बारा? अहो, मी म्हातारी होईन.”

“तेव्हा माझ्याकडेच या,” तो गंभीरपणे म्हणाला. तिला हसू आवरेना.

मंगळवारी पट्ट्या वाळल्या. त्याने एकेक जुन्या दाराशी धरली, खिडकीच्या उजेडात. पाच मोजले की नजर काढून घ्यायचा, तिच्या स्वेटरकडे बघायचा, आणि परत पट्टीकडे.

“माझ्याकडे काय बघताय?”

“पाचच्या वर मोजेपर्यंत एका रंगाकडे बघितलं की डोळा थकतो. मग सगळंच जुळल्यासारखं वाटतं. मध्ये निळ्याकडे बघायचं असतं. तुमचा स्वेटर निळा आहे.”

“बरं झालं. मला वाटलं...”

“काय वाटलं?”

“काही नाही. मोजा तुम्ही.”

बुधवारी सकाळी तिने कपाटातून परत तोच स्वेटर काढला. कोपरावर विरला होता, धुवायला झाला होता, तरी काढला. सातव्या पट्टीवर दोघांचं एकमत झालं होतं. चहाचे दोन हात, वर पातळ लोखंडाच्या पाण्याचा एकच हात. घरातली सगळी चहापूड दाराने पिऊन टाकली आणि ती स्वतः आठवडाभर गरम पाण्यावर होती. दोघांनी मिळून दाराला चहा लावला. तिच्या बाजूने ओघळ, त्याच्या बाजूने सरळ रेघा. एकदा त्याने तिच्या गालावरचा चहाचा थेंब पुसला आणि मग दोघंही दाराच्या एकाच कोपऱ्यावर फार वेळ ब्रश फिरवत बसले.

“मला... काही सांगायचं होतं,” तो म्हणाला.

“सांगा ना.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बाहेर जिन्यात गेला, हळू आवाजात काहीतरी बोलला, परत आला तो चेहरा पाडून. “मला दोन दिवस बाहेरगावी जावं लागतंय. काम आहे. शुक्रवारी संध्याकाळी येतो. तोवर चहा वाळू दे. लोखंडाचं पाणी आपण दोघं लावू.”

“काय सांगायचं होतं?”

“आल्यावर,” तो म्हणाला, आणि दोन-दोन पायऱ्या टाकत उतरला.

आल्यावर! म्हणजे दोन दिवस तिने काय करायचं होतं? गुरुवारी ऑफिसात एका बाईंना ‘थोडं थांबा’ म्हणता म्हणता तिला स्वतःचाच राग आला. त्याचा फोन नाही, मेसेज नाही. तिने लिहिलेल्या ‘पोचलात का?’ला उत्तर आलं, ‘हो.’ नुसतं ‘हो’. त्या दोन कानामात्रांत ती बसपर्यंत अर्थ शोधत राहिली.

संध्याकाळी घरी आली तर दार भिंतीला टेकून तसंच फिकट उभं. एक हात लावून ठेवू, तेवढंच काम पुढे जाईल, म्हणून तिने ब्रश बुडवला. एक हात झाला. रंग दिसेना. फोनकडे पाहिलं, मेसेज नाही. मारला दुसरा हात. खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या, फोन पाहिला, काही नाही. तिसरा. फोन उलटा करून ठेवला, लगेच सुलटा केला. चौथा. कोण असेल त्या गावात? जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलण्यासारखं कोण असेल? पाचवा.

मग ती आंघोळीला गेली. डोकं पुसत बाहेर आली तर दार काळंकुट्ट झालं होतं. तपकिरी नाही, धुरकट नाही. शाळेतल्या फळ्यासारखं काळं. जन्मभराच्या घाईचं फळ तिच्यासमोर वाळत उभं होतं. ती तशीच ओल्या केसांनी जमिनीवर बसली आणि रडली.

शुक्रवारी तो आला. दारातच थांबला.

“किती हात मारलेत?”

“पाच.”

“ठरला होता एक.”

“माहीत आहे मला.”

“रंग चढायला वेळ लागतो, हे सांगितलं होतं. तुम्हाला जरा थांबता येत नाही का?”

“नाही येत!” ती उसळलीच. “आणि तुला बोलता येत नाही! काहीतरी सांगायचंय म्हणायचं आणि पसार व्हायचं. दोन दिवसांत एक ‘हो’! माणसाने काय करावं? भिंती मोजाव्यात? दर वेळी फोन बघितला आणि दर वेळी एक हात मारला. झालं समाधान?”

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय कबूल करून बसलो ते. त्याच्याही लक्षात आलं असावं. तो लालबुंद झाला.

“कुठे होतास?” तिने हळूच विचारलं.

“ते... मला सांगता येणार नाही.”

“का?”

“शब्द दिलाय एकाला.”

एकाला की एकीला? सांगता येत नाही म्हणजे काय, हे न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. तिने तोंड फिरवलं. खोली तर गेलीच होती. आता हेही गेलं. एका कपाटाच्या दारापायी माणसाचं किती काय काय जावं!

मागून त्याचा आवाज आला, “घरात लिंबं आहेत?”

“काय?”

“लिंबू लोखंडाचा डाग खातं. सगळा नाही, पण बराच. रविवारपर्यंत दीड दिवस आहे.”

शनिवारी दोघांनी मिळून बत्तीस लिंबं पिळली. काळ्या लाकडावर रस चोळायचा, थांबायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, परत चोळायचं. फारसं बोलणं नव्हतं. तिच्या बोटाला चीर होती, तिच्यात रस गेला आणि ती ‘आई गं’ करून कळवळली. त्याने काही न विचारता तिचा हात धरून नळाखाली नेला. पाणी वाहत राहिलं, झोंबायचं केव्हाच थांबलं, हात मात्र सुटला नाही. तिला हात ओढून घ्यायचा होता, राग होता ना. आणि तो तसाच राहावा असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत असेल तर माणसाने उभं तरी कसं राहावं?

“नळ बंद कर,” ती शेवटी म्हणाली. “पाणी वाया जातंय.”

दुपारनंतर लाकूड हळूहळू उघडलं. काळ्याचं करडं झालं, करड्यातून तपकिरी आली, आणि रेषांच्या खोबणीत थोडा धूर तसाच राहिला. सातव्या पट्टीपेक्षा सरस. तेलात मेणबत्तीचं मेण वितळवून त्यांनी फडक्याने ते दारावर चोळलं, बिजागऱ्या बसवल्या, आणि दोन्ही दारं शेजारीशेजारी मिटली. जुनं कुठलं, नवं कुठलं, तिलाही क्षणभर कळेना.

“जुळलं,” तो म्हणाला. फडकं घडी करून ठेवलं. “उद्या त्यांना... जे ठीक वाटेल ते करा. मी माझ्या खोलीवर आहे.”

तो गेला आणि ती रात्रभर कूस बदलत राहिली.

रविवारी सकाळी मालकीणबाई आल्या. पिशवी खाली टेकवली, चपला काढल्या, आणि थेट वर. भिंतींवरून नजर फिरवली, खिडकीच्या गजांवरून बोट फिरवलं, कपाट उघडलं, मिटलं.

“सगळं जागच्या जागी आहे,” बाई म्हणाल्या. “बरी मुलगी आहेस.”

झालं होतं. संपलं होतं. नुसतं ‘हो’ म्हणून मान हलवायची, की खोली तिची. दिवाण नाही, दादाचं ‘बघ, सांगितलं होतं’ नाही. तोंड मिटून ठेवायचं, बाई जिना उतरेपर्यंत.

बाई दोन पायऱ्या उतरल्या.

“ते डावं दार जुनं नाही!” ती ओरडलीच. “मी मोडलं. घाईत पाय लावून ओढलं. नवं करून घेतलं, चहा आणि घासणीच्या पाण्याने रंगवलं. जुनं माझ्या पलंगाखाली आहे. मी आजपासून सामान बांधते, पण ते तुम्ही बरी मुलगी म्हणालात ना, ते मला सहन होईना.”

बाई वळून परत वर आल्या. दारापाशी गेल्या. डावं बघितलं, उजवं बघितलं, नाक लावून वास घेतला.

“लिंबू,” त्या म्हणाल्या. मग कंबरेवर हात ठेवले. “हे काम तुझ्या एकटीचं नाही. इतकं बेमालूम जुळवणारा माणूस या गावात एकच आहे. बोलाव त्याला.”

“तुम्ही... त्यांना ओळखता?”

“बोलाव म्हणते ना.”

बोलवायची गरजच पडली नाही. तो जिन्याच्या तळाशी उभा होता. कधीपासून, देव जाणे. वर आला आणि मान खाली घालून म्हणाला, “रंग मीच जुळवला. त्यांचा दोष नाही.”

“तुझी बाजू मी नंतर ऐकते,” बाई म्हणाल्या, आणि तिच्याकडे वळल्या. “हे बघ. चार वर्षं झाली माझे हे दात याने करून. माझ्या लेकीलाही माहीत नाही. माहीत होऊ द्यायचं नाही, असा शब्द मी याच्याकडून घेतलाय. बुधवारी लेकीकडे समोरचा एक दात निखळला. जावई घरात. मी तोंडाला रुमाल लावून याला फोन केला, तर बिचारा धावत आला. तिथल्या बागेत बाकावर बसून दुरुस्ती केली याने. चुळबुळ्या आहे पण कार्टा! एवढा शांत मुलगा, पण एका हाताने माझा दात घासतोय आणि दुसऱ्या हाताने फोनवर लिहितोय. लिहितोय आणि पुसतोय. दोन तास! मला दात नव्हते, नाहीतर तिथेच विचारलं असतं, कोण आहे रे ती म्हणून.”

त्याचे कान पेटले होते. तिचं डोकं भराभर जोडत होतं. जिन्यातला तो हळू आवाज, शब्द दिलाय, एकाला... आणि एकीला म्हणजे ह्यांना! तिला हसावं की रडावं कळेना.

“दाराचं मला आधी सांगायला हवं होतंस,” बाई तिला म्हणाल्या. “राग आलाय मला. तो दोन दिवस राहील. खोली मात्र राहू दे तुझ्याकडे. यापुढे काही मोडलं तर त्याच दिवशी फोन करायचा. आणि दातांचं बाहेर गेलं, तर मात्र त्याच दिवशी सामान बांधायचं. कळलं?”

“कळलं,” ती म्हणाली. तिला बाईंना मिठी मारायची होती, पण बाई मिठी मारण्यातल्या नव्हत्या. त्या जिना उतरल्या. खालचं दार लागल्याचा आवाज आला.

आता दोघंच उरले. खिडकीबाहेर पाऊस थांबला होता, पागोळ्या तेवढ्या टपकत होत्या.

“काय लिहीत होतास?” तिने विचारलं.

“ते... बरंच होतं.”

“मग पाठवलं का नाहीस?”

“पाठवलं असतं तर तू पहिलं विचारलं असतंस, कुठे आहेस. खोटं सांगायचं नव्हतं, खरं सांगता येत नव्हतं. म्हणून...”

“आता सांगता येईल ना?”

त्याने दोन दारांच्या जोडावरून बोट फिरवलं. जुळवत असेल शब्द, एकेक करून, बारा पट्ट्यांसारखे. ती खिडकीकडे वळणार एवढ्यात बांध फुटला. “मला तू आवडतेस त्या दुकानात बाटली ओढलीस तेव्हापासूनच आणि मला तेव्हाच कळलं की तू माझं काही शांत राहू देणार नाहीस आणि मला ते नकोसं वाटायला हवं होतं पण वाटलं नाही आणि तू परत दादाकडे गेली असतीस तर मी...”

“थांब, थांब!” तिने दोन्ही हात वर केले. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “एवढ्या घाईत काय सांगतोस? पहिल्यापासून सांग. नीट. सावकाश.”

मग त्याने श्वास घेतला आणि पहिल्यापासून सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. त्याचं संपल्यावर तिची पाळी आली, आणि तिला मात्र काही केल्या सावकाश सांगता येईना.